मथुराबाईंनी आर्किटेक्ट नेमला

मथुराबाई वडनेरकरांकडे तुम्ही वाटीभर काही पाठवलंत, तर ती वाटी त्याच दिवशी, दिवेलागणीच्या आत, भरून परत येत असे. शेजारणीची वाटी रिकामी पाठवायची नाही, हे आपल्याकडे सगळ्याच बायका पाळतात. पण चार-आठ दिवसांत घरात काही चांगलंचुंगलं झालं की पाठवावी, एवढी सवड एकमेकींना देतातही. मथुराबाई ती सवड घेत नसत. मी एकदा त्यांना अंबाडीची चटणी पाठवली, तर शाळेतून दमून आलेली ती बाई पदर खोचून चुलीपुढे बसली आणि माझ्या वाटीत गरम सांजा घालून स्वतः घेऊन आली. मला रागच आला. म्हटलं, "मथुराबाई, दोन दिवस वाटी तुमच्याकडे राहिली असती तर काय बिघडलं असतं?"

"बिघडत काही नाही वं," त्या म्हणाल्या, "पण मले झोप नाही लागत. फळीवर दुसऱ्याची वाटी दिसली की वाटते, कोणीतरी घरात येऊन बसलं आहे."

मला तेव्हा हा शुद्ध विक्षिप्तपणा वाटला होता. मी चार दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही, आणि त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

आम्ही दोघी नागपुरात मुलींच्या एका शाळेत शिकवत होतो. राज्य इंग्रजांचं होतं, नागपूर मध्यप्रांताची राजधानी होतं आणि सीताबर्डीच्या पलीकडे शेतं मोडून नव्या वस्त्या आखल्या जात होत्या. माझ्याकडे शिवण होतं, त्यांच्याकडे भूगोल. वर्गात त्या खुर्चीवर कधी बसल्या नाहीत. खुर्ची वह्या ठेवायला. उंच, काळ्यासावळ्या, हाडापेराने दणकट, अंगावर फिकट लुगडं आणि पायात पुरुषी चपला. वर्गात भाषा अगदी पुस्तकातली. पण मनातून काही ठरलं, की त्या एकदम मौद्याच्या होत. मौद्याजवळ त्यांचं माहेर, वडील शेती करणारे.

"अन् मग?" हे त्यांचं पालुपद होतं. मुलगी म्हणायची, "वैनगंगा शिवनीच्या डोंगरात उगम पावते." "अन् मग?" "मग भंडाऱ्याकडे येते." "अन् मग?" असं करत करत ती बिचारी नदी आणि ती बिचारी मुलगी, दोघी गोदावरीला मिळून समुद्रापर्यंत पोहोचल्याशिवाय सुटका नसे. मधल्या सुट्टीत पोरी त्यांची नक्कल करत. मोठी माणसं मात्र या प्रश्नाला फार घाबरत, कारण बहुतेक मोठी माणसं आपलं बोलणं भंडाऱ्यापर्यंतच आणून सोडतात.

मथुराबाई फार लहान वयात विधवा झाल्या. मूलबाळ नव्हतं. तेव्हापासून त्या महालात धाकट्या दिराच्या बिऱ्हाडी राहत. अण्णाजी त्यांचं नाव. मी त्यांची बदनामी करणार नाही. त्यांनी वहिनीला शिकू दिलं, नोकरी करू दिली, कधी वावगा शब्द बोलले नाहीत. पण त्या घरात मथुराबाईंच्या ट्रंकेला जागा नव्हती. पाहुणे आले की ती माजघरातून कोठीत जाई, धान्य आलं की कोठीतून जिन्याखाली. कोणी रागाने हलवत नसे आणि कोणी विचारतही नसे. इतकी वर्षं शिकवून, काटकसर करून या बाईने सीताबर्डीपलीकडे एक लहानसा प्लॉट घेतला, तेव्हा आमच्या शिक्षिकांच्या खोलीत आम्ही पेढे वाटले. पेढे त्यांचेच होते, अर्थात.

आणि लगेच वाद सुरू झाला. घर बांधून कोणाकडून घ्यायचं?

शहाण्या माणसांचं एकमत होतं. तीन खोल्या आणि एक व्हरांडा, याला रामाजी मिस्त्री पुरे. आर्किटेक्ट नेमायचा तो सिव्हिल लाइन्समधल्या साहेबांनी, नाहीतर बॅरिस्टरांनी. आणि मिस्त्रीवर देखरेख? त्यासाठी तर अण्णाजी होतेच. ते जंगल खात्यातून पेन्शनीत निघाले होते आणि बांधकामाचं त्यांना वेड होतं. नात्यागोत्यात कुठेही पाया खणायला घेतला, की अण्णाजी छत्री-काठी घेऊन, पंपशू घालून हजर. दिवसभर उन्हात उभे राहत. एक पैसा घेत नसत. "घरचा माणूस उभा असताना परक्याले काहून द्या लागते पैसे?" असं ते घरी जमलेल्या सगळ्यांदेखत म्हणाले, आणि खोलीतल्या सगळ्या माना हलल्या. माझीही हलली.

मथुराबाईंची मान हलली नाही. "पाहते," एवढंच म्हणाल्या.

पुढच्या रविवारी त्यांनी मला टांग्यात घातलं. कुठे जायचं ते सांगितलं नाही. आम्ही इतवारीत त्यांच्या एका चुलत सासऱ्यांकडे गेलो. हे घर अण्णाजींनी उभं राहून बांधलेलं. घर चांगलं होतं. भिंती सरळ, दारं नीट लागत होती. पण दर्शनी खोलीत खिडकीखाली एक खाट होती, तिच्यावर स्वच्छ पलंगपोस, उशाशी तपकिरीची डबी.

"कोणाची?" मथुराबाईंनी विचारलं.

घरातली सून ओशाळून हसली. "अण्णाजींची. दुपारी येतात. घर त्यांनीच बांधलं न, मग हवेची जागा त्यांच्यासाठी."

"अन् मग?"

सुनेने आधी ओट्यावर बसलेल्या सासऱ्यांकडे पाहिलं, मग आवाज खाली आणला. "मग काय सांगू काकू! न्हाणीले दुसरं दार पाहिजे होतं मले. यांनी विचारलं तं अण्णाजी म्हणे, मी उन्हात उभा राहून बांधलेली भिंत तुम्ही फोडता काय? तं राहिलं. आता मी ओलेत्याने अख्खं घर फिरून जाते."

तिथून आम्ही सक्करदऱ्याला त्यांच्या मावसदिराकडे गेलो. तिथेही खाट. तिथे तर अण्णाजींसाठी वेगळा माठ होता.

परतताना सीताबर्डीला टांगा थांबवायला लावून त्या उतरल्या आणि सायकलच्या दुकानावरच्या माडीकडे बोट दाखवलं. तिथे पाटी होती. मुंबईहून शिकून आलेले कोणी गद्रे नावाचे आर्किटेक्ट.

"मथुराबाई, आज रविवार," मी म्हटलं.

"काम नसलेल्या माणसाले रविवार काय अन् सोमवार काय."

आणि गद्रे खरोखरच होते. पंचविशीतला गोरा, घाऱ्या डोळ्यांचा मुलगा. कोऱ्या टेबलापाशी बसून पेन्सिलीला टोक करत होता. लुगडी नेसलेल्या दोन मास्तरणी जिना चढून आलेल्या पाहून तो इतका गडबडला की दोनदा उभा राहिला. त्याने नकाशे काढले, चुन्याचं प्रमाण सांगितलं, हवा कशी खेळेल ते सांगितलं. मथुराबाईंनी ते सगळं एखाद्या मुलीचं पाठांतर ऐकावं तसं ऐकून घेतलं. मग विचारलं, "घर बांधून झालं. अन् मग?"

"मग... मी शेवटची तपासणी करतो."

"अन् मग?"

"मग माझी फी पूर्ण होते. किल्ल्या तुमच्या हाती."

"अन् मग?"

गद्रे माझ्याकडे पाहू लागले. मी वर छताकडे पाहिलं. "मग माझं काम संपलं, बाई. मी दुसऱ्या कामाला लागतो."

"म्हणजे परत येत नाही?"

त्या बिचाऱ्याला वाटलं, बाई हमी मागताहेत. तो घाईघाईने म्हणाला, "येईन ना! काही बिघडलं, तुम्ही बोलावलंत, तर जरूर येईन."

"अन् नाही बोलावलं तं?"

"तर... नाही येणार."

"ठरलं," मथुराबाई म्हणाल्या आणि उभ्या राहिल्या. मला जिन्यातच हसू फुटलं. जगात कुठल्याही आर्किटेक्टला या कारणासाठी काम मिळालं नसेल. पण खाली टांग्यात बसल्यावर त्या माझ्याकडे वळल्या तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते, आणि माझं हसू जागच्या जागी विरलं.

"कुसुम, मले एकच घर बांधता येणार आहे या जन्मात. त्याच्यात कोणाची खाट नाही पाहिजे."

अण्णाजींना हे सांगायला त्या स्वतः गेल्या. अण्णाजी चिडले नाहीत, दुखावले गेले. ते म्हणाले, "ठीक आहे. पण मी येऊन पाहीन तं चालेल न?" या प्रश्नाला नाही कोण म्हणणार? आणि अशा तऱ्हेने वैशाखात पाया खणायला सुरुवात झाली तेव्हा एका कडेला गद्र्यांची सोला हॅट होती आणि दुसऱ्या कडेला अण्णाजींची छत्री.

गद्रे काही सगळं बरोबरच करत नव्हते. त्यांनी नकाशात पश्चिमेला मोठ्या थोरल्या खिडक्या काढल्या होत्या. मथुराबाईंनी त्या नकाशावर तळहात ठेवला. "इथे समुद्र नाही गद्रे. चार वाजताचं ऊन घरात घेऊन मी काय पापड वाळवू?" खिडक्या उत्तरेला गेल्या. गद्र्यांनी हळूच विचारलं, की माझं ऐकायचंच नव्हतं तर मला नेमलं कशाला? त्या म्हणाल्या, "फी देते म्हणून तुमचं ऐकते. अन् फी देते म्हणून तुम्हाले सांगता येते. अण्णाजींले मले काही सांगता आलं असतं काय?"

खरा प्रसंग पायावर आला. आमच्याकडची काळी माती वैशाखात दगडासारखी होते. कुदळ मारली तर ठिणगी उडेल असं वाटतं. रामाजी मिस्त्रीची माणसं कंबरभर खोल गेली आणि कुदळी खणखण वाजू लागल्या. अण्णाजी खड्ड्यात उतरले, काठी आपटली आणि म्हणाले, "बस. खडक लागला. भरा आता." रामाजीने दगड आणायला सांगितलं. घरातला पुरुषमाणूस बोलला, संपलं. इतक्या वर्षांची सवय.

गद्रे म्हणाले, "हा खडक नाही. ही मातीच आहे. अजून खाली जायला हवं, मुरूम लागेपर्यंत."

"तुमच्या मुंबईत अशी माती असते का हो?" अण्णाजींनी विचारलं. मजूर हसले. गद्र्यांचा चेहरा लाल झाला आणि ते बाजूला झाले. सकाळची शाळा सुटून आम्ही दोघी पोहोचलो तेव्हा हे असं होतं: दगडाची पहिली बैलगाडी आलेली, अण्णाजी खड्ड्यात कमरेवर हात ठेवून उभे, आणि आमचे आर्किटेक्ट बाभळीखाली टोपीने वारा घेत.

मथुराबाईंनी काय झालं ते ऐकलं. मग मातीबद्दल एक अक्षर न बोलता त्या मिस्त्रीकडे वळल्या. "रामाजी, या कामावर कोणाचं ऐकायचं?"

रामाजी चाचरला. "तुमी म्हनान त्याचं, बाई."

"मी म्हणते गद्र्यांचं. भाऊजी माझे दीर आहेत, मोठ्या मनाचे आहेत. पण काम गद्र्यांचं."

कुदळी हातातच राहिल्या. एका विधवेने दहा-बारा परक्या माणसांसमोर दिराचा शब्द बाजूला ठेवला होता. अण्णाजी पांढरेफटक पडले. आणि त्या वेळी, मला वाटतं आयुष्यात प्रथमच, गद्र्यांना कंठ फुटला. ते बाभळीखालून उठून आले आणि भिश्त्याला म्हणाले, "या खड्ड्यात पाणी सोड. पखाली रिकाम्या कर. उद्या सकाळी अण्णाजींनीच उतरून पाहावं. खडक असेल तर इथून भरू."

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णाजी आले. त्यांच्या धाडसाचं मला आजही कौतुक वाटतं. त्यांनी छत्री मिटली, धोतर सावरलं आणि पंपशूसकट आपल्या खडकावर पाऊल टाकलं. पाऊल घोट्यापर्यंत आत गेलं. दुसरं टाकलं, तेही गेलं. दोघा मजुरांनी त्यांना बगलेत धरून वर ओढलं, तेव्हा पाय वर आले आणि पंपशू खालीच राहिले. मजूर तोंड फिरवून उभे राहिले. त्यांचे नुसते खांदे हलत होते. मथुराबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी स्वतः घागरीने दिराच्या पायावर पाणी घातलं.

अण्णाजी पाय पुसत म्हणाले, "वहिनी, पाया तुमच्या आर्किटेक्टने काढला. वास्तुशांत कोण करते ते पाहू आता." आणि तसेच अनवाणी निघून गेले.

हे बोलणं पोकळ नव्हतं. वास्तुशांतीला जोडपं लागतं. विधवेला त्या पाटावर बसता येत नव्हतं, निदान आमच्या गावात त्या काळी नव्हतं. जवळच्या नात्यात बसण्याजोगं जोडपं एकच, अण्णाजी आणि त्यांची बायको. आणि एकदा ते सगळ्या नातेवाइकांसमोर त्या पाटावर यजमान म्हणून बसले, की घर कोणाचं ते सांगायला पुन्हा तोंड उघडायची गरज नव्हती. मुरमापर्यंत नेलेला पाया, उत्तरेच्या खिडक्या, सगळं जागच्या जागी राहून घर हातचं जाणार होतं. घर भराभर वर चढत होतं आणि मला त्याच्याकडे पाहवत नव्हतं.

न राहवून मी म्हटलं, "मथुराबाई, मी आणि हे बसतो पूजेला."

"तू नको," त्या ताडकन म्हणाल्या. मग माझा चेहरा पाहून माझ्या पाठीवर हात ठेवला. "तू मैत्रीण आहेस वं. तुहे उपकार मी फेडत बसले तं मैत्री कवा करू?"

कोण बसणार ते त्यांनी शेवटपर्यंत कोणाला सांगितलं नाही.

वास्तुशांतीच्या दिवशी घर नुसतं झळकत होतं. दाराला आंब्याचं तोरण, व्हरांड्यात ओल्या चुन्याचा वास, आणि यच्चयावत नातेवाईक. अण्णाजी आले. रेशमी सोवळं नेसून आले. सोबत बायको शालू नेसलेली. बोलावणं फक्त जेवणाचं होतं, पण ते सरळ पाटाकडे चालत निघाले, आणि लोकांनी आपोआप वाट करून दिली.

मथुराबाई मधे आल्या. हातात ताट, त्यात धोतरजोडी आणि खण-नारळ. "भाऊजी, जाऊबाई, या. तुमचा मान पहिला." त्यांनी दोघांना भिंतीलगत अंथरलेल्या नव्या सतरंजीवर, अगदी लोडाला टेकून, बसवलं. अण्णाजी म्हणाले, "वहिनी, पूजेले..."

"तुम्ही आज माझे पाहुणे. पाहुण्यांनी काम करायचं नसते." आणि इतक्या प्रेमाने आहेर केला, की अण्णाजींना तो हातात घेऊन बसण्यावाचून काही करता येईना. हातात आहेर घेतलेला माणूस यजमान कसा होणार?

मग त्यांनी हाक मारली, "गद्रे, या."

आतल्या खोलीतून गद्रे बाहेर आले. सोवळं सुटेल या भीतीने एका हाताने ते धरलेलं, मागे त्यांची नवी नवरी, मान खाली. लोकांत कुजबूज उठली. भटजी गोंधळले. "बाई, यजमान आप्तांपैकी असावेत. हे तुमचे कोण?"

"कोणी नाहीत," मथुराबाई म्हणाल्या. "म्हणूनच बसवते. पूजेले जोडपं पाहिजे, हे जोडपं आहे. यांचं माझ्याकडे काही राहिलं नाही, माझं यांच्याकडे काही राहिलं नाही. यांनी माझ्या वतीने बसायचं. तुम्ही परवाच म्हणाले न, प्रतिनिधी चालतो?"

भटजी तसं म्हणाले होते. कशासाठी विचारलं जातंय हे न कळता म्हणाले होते. ते मुकाट्याने बसले. पाणी हातात देऊन संकल्प सुरू केला आणि सवयीने थांबून विचारलं, "वास्तू कोणाच्या नावाने?"

गद्र्यांनी वर पाहिलं. अख्ख्या घराने वर पाहिलं. मथुराबाई दाराच्या चौकटीत उभ्या होत्या. वर्गात मागच्या बाकापर्यंत जाणारा तो आवाज त्यांनी लावला. "मथुराबाई वडनेरकर."

भटजींनी ते नाव उच्चारलं. गद्र्यांनी पाणी सोडलं. माझ्या अंगावर काटा आला, आणि हे लिहितानाही येतो आहे.

त्यानंतर आम्ही कितीतरी वर्षं भेटत राहिलो. पण डोळ्यांसमोर राहिली आहे ती मथुराबाईंची त्याच दिवशीची संध्याकाळ. जेवणं झाली, पाहुणे पांगले. गद्रे नवरा-बायको नमस्कार करून गेले ते सायकलवर डबल सीट. मी, हे आणि अण्णाजींचं जोडपं, एवढेच उरलो होतो. अण्णाजी व्हरांड्यात उभे राहून दर्शनी खोलीत पाहत होते. उत्तरेच्या खिडकीतून गार वारा येत होता. त्या खिडकीखाली एक खाट सहज मावली असती.

"वहिनी," ते खरोखर मायेने म्हणाले, "नवी वास्तू पहिल्या रात्री एकटी ठेवू नाही. आम्ही दोघं झोपतो इथे."

दिवसभर जिंकलेलं सगळं या एका मायेच्या वाक्याने जायची वेळ होती.

मथुराबाई हसल्या. त्या दिवसातलं पहिलं मोकळं हसू. त्यांनी अण्णाजींची छत्री कोपऱ्यातून उचलली आणि दोन्ही हातांनी त्यांना दिली.

"घर एकटं कुठे आहे भाऊजी? मी आहे न."

अण्णाजींनी एकदा त्या खिडकीकडे पाहिलं. मग त्यांनी मान डोलावली, छत्री घेतली आणि बायकोला घेऊन टांग्यात जाऊन बसले. मागोमाग आमचा टांगा निघाला. मी वळून पाहिलं. मथुराबाई व्हरांड्याच्या मधोमध उभ्या होत्या, कमरेवर हात ठेवून, पाय फाकवून, एखाद्या पाटलासारख्या. मग त्या आत गेल्या आणि त्यांनी दार लावून घेतलं. मी भर रस्त्यात, टांग्यात, नवऱ्यासमोर टाळ्या वाजवल्या.